क्लच खरंच गेलाय का? गिअरबॉक्स उतरवण्याआधी करायच्या तपासण्या

गिअर खरखरतो, पिकअप मेला, पेडल जड झालं, गाडी उचलताना थरथरते. तक्रार यातली कोणतीही असो, निदान बहुतेक वेळा एकच ऐकायला मिळतं: क्लच प्लेट गेली, सेट बदला. कधी ते बरोबर असतं. पण पुष्कळदा दोष केबलच्या नटात, फ्लुइडच्या डब्यात नाहीतर इंजिनाच्या माउंटिंगमध्ये (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांत) सापडतो, आणि नवीन सेट टाकूनही तक्रार जिथल्या तिथे राहते. गिअरबॉक्स उतरवणं हे दिवसभराचं काम आहे. त्याआधीच्या तपासण्यांना तासभरही लागत नाही.

लक्षणं

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडणी. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, क्लच प्लेट प्रेशर प्लेटने दाबून धरलेली असते; पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तो दाब सोडवतं. क्लचचे मुख्य बिघाड दोन आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकात क्लच पूर्ण पकडत नाही, दुसऱ्यात तो पूर्ण सुटत नाही. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

पकडत नसेल, म्हणजे स्लिप होत असेल, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर जातो पण वेग त्या मानाने वाढत नाही. सुरुवात नेहमी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर होते, कारण तिथे प्लेटवर सर्वांत जास्त ताण येतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सपाटीवर हीच गाडी ठणठणीत वाटते. पुढे जळका, तिखट वास येऊ लागतो आणि इंधन जास्त लागतं.

सुटत नसेल, तर इंजिन चालू असताना पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते, आणि पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही सपाट जागेवर गाडी हळूच पुढे सरकते. यात जळका वास सहसा येत नाही.

याशिवाय दोन तक्रारी येतात. गाडी जागेवरून निघताना गचके किंवा थरथर, आणि पेडलबरोबर बदलणारा आवाज. त्यांचं पुढे येईलच.

आरपीएम वाढत नाही आणि वेगही वाढत नाही, गाडी नुसती मरगळल्यासारखी चालते, तर क्लचच्या मागे लागू नका. एअर फिल्टर, इंधनपुरवठा, टर्बो नाहीतर अडकलेला ब्रेक तपासा. थोडं चालवून झाल्यावर चाकांजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

पहिली तपासणी: पेडलाखालची जागा

हास्यास्पद वाटेल, पण इथूनच सुरुवात करायची. जाड मॅट किंवा एकावर एक टाकलेल्या दोन मॅट पेडलाखाली सरकल्या, तर पेडल शेवटच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत पोचत नाही. क्लच पूर्ण सुटण्यासाठी नेमका तोच शेवटचा भाग लागतो. मॅट काढून ठेवा, सीट इतकी पुढे घ्या की पेडल तळाशी गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, आणि मग रिव्हर्स टाकून बघा.

दुसरी: बसल्या जागी करायच्या चाचण्या

क्लच सुटतो का ते बघायला गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम आणि आयडलवर असू द्या. पेडल पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मगच रिव्हर्स टाका. थांबायचं अशासाठी की बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवणारी यंत्रणा) नसतो. पेडल दाबल्यावरही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (ज्यावर क्लच प्लेट बसते तो दांडा) क्षणभर आपल्या वेगाने फिरत राहतो, त्यामुळे घाईने टाकलेला रिव्हर्स निरोगी गाडीतही करकरतो. पाच सेकंदांनंतरही करकर झाली तर शाफ्टला अजून कुणीतरी फिरवतंय, म्हणजेच प्लेट सुटलेली नाही.

आता इंजिन बंद करा आणि तेच गिअर पुन्हा टाकून बघा. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर दोष क्लच सुटण्यात आहे. दोन्ही वेळेला अडत असतील तर गिअर लिव्हरच्या केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्स बघायला हवा. त्यासाठी क्लच सेट बदलून काही हाती लागत नाही.

स्लिपची खात्रीची चाचणी रस्त्यावरच होते. सरळ, मोकळा रस्ता बघा. चौथ्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमवर गाडी स्थिर चालवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच पकडतोय. काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागे राहिला तर स्लिप आहे. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का ते बघायची पद्धतही आहे. पण जेमतेम घसरणारा क्लच तीत पास होतो, आणि पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही तापून काचेसारखी गुळगुळीत होते. करायचीच तर एकदाच.

तिसरी: पेडलचा खेळ

पेडल हाताने हळूच दाबा. सुरुवातीला काही अंतर ते जवळजवळ विनाजोर जातं आणि मग जोर लागायला लागतो. ते सुरुवातीचं अंतर म्हणजे फ्री प्ले. पट्टी लावून मोजा. केबलच्या गाड्यांत, म्हणजे पेडल तारेने क्लच ओढतं अशा गाड्यांत, ते साधारण १० ते २० मिमी असतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा, कारण हायड्रॉलिक गाड्यांत (जिथे पेडलचा जोर फ्लुइडमधून जातो) तो बराच कमी असतो.

हे मोजमाप का महत्त्वाचं? प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगची (चपट्या, गोल स्प्रिंगची) बोटं मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात. केबलच्या गाडीत त्यामुळे खेळ कमी कमी होत जातो. तो शून्यावर आला की पायाचा स्पर्श नसतानाही बेअरिंग बोटांवर दाबलेलं राहतं, क्लच अर्धवट सुटलेला राहतो, आणि अजून निम्मी शिल्लक असलेली प्लेट घसरून जळते. उलट केबल ताणली किंवा नट सैल झाला तर खेळ वाढतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

दोन्हींवर उपाय तोच: केबलच्या टोकाचा ॲडजस्टिंग नट आणि त्याचा लॉकनट. दोन पाने आणि दहा मिनिटं. मात्र केबलचे धागे टोकाशी तुटू लागले असतील, किंवा आवरणाच्या आत केबल अडकत अडकत चालत असेल, तर नट फिरवून वेळ काढू नका, केबल बदला. जड झालेलं पेडल बरेचदा नुसत्या नव्या केबलने हलकं होतं. काही गाड्यांत खेळ आपोआप जुळवणारी यंत्रणा असते. तिथे नट शोधू नका, यंत्रणेचे दाते अडकलेत का ते बघा.

क्लच फार वरून पकडतो म्हणजे प्लेट संपली, हे केबलच्या गाडीत बऱ्यापैकी खरं आहे. हायड्रॉलिक गाडीत मात्र तो भरवशाचा पुरावा नाही.

चौथी: फ्लुइड आणि गळती

हायड्रॉलिक क्लचमध्ये बहुतेक वेळा ब्रेक फ्लुइडच असतं आणि डबाही ब्रेकशी सामायिक असतो. कोणतं फ्लुइड ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल पडलं तर आतली रबरी सीलं फुगतात, आणि मग नुसतं धुऊन भागत नाही. डबा सामायिक असेल तर ब्रेकही त्यात सापडतात. अशी गाडी चालवायचीच नाही.

प्लेट झिजल्याने क्लचचं फ्लुइड कमी होत नाही. वर सांगितल्याप्रमाणे बोटं बेअरिंगला मागे ढकलतात, त्याबरोबर पिस्टन मागे जातो आणि फ्लुइड डब्याकडे परत येतं. म्हणून पातळी खाली गेली तर दोनच अर्थ: सामायिक डबा असेल तर ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे.

गळती शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. क्लच पेडलच्या वर, जिथे पेडलचा पुशरॉड मास्टर सिलिंडरमध्ये (फ्लुइड ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये) शिरतो, तिथे टॉर्च मारा आणि बोट फिरवा. ओल लागली, किंवा खालच्या कार्पेटवर चिकट डाग असला, तर मास्टरचं सील गेलं. मग गिअरबॉक्सच्या बाजूला, बाहेर बसवलेला स्लेव्ह सिलिंडर (तेच फ्लुइड येऊन क्लच सोडवणारा) बघा. त्याच्या टोकाला रबरी टोपी असते. वरून ती कोरडी, धुळकट दिसते आणि इथेच बरेच जण फसतात. टोपीची कड नखाने किंचित उचलून बघा. आत चार थेंब साठलेले दिसले तर पिस्टनच्या सीलमधून फ्लुइड निसटतंय. टोपी भरेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही.

गळती कुठेच नाही, पण पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर नीट पडतो? मग लाइनमध्ये हवा आहे. हवा दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर स्लेव्हपर्यंत पोचत नाही. एअर काढायला दोन माणसं, एक पारदर्शक नळी, स्लेव्हवरच्या निपलच्या (हवा सोडायच्या स्क्रूच्या) मापाचा पाना आणि सीलबंद बाटलीतलं नवं फ्लुइड लागतं. उघडून ठेवलेली बाटली वापरू नका, ते हवेतली ओल शोषून घेतं. नळीचं दुसरं टोक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. अधूनमधून डबा भरत राहा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

एअर काढल्यावर काही दिवसांनी तीच तक्रार परत आली तर पुन्हा एअर काढत बसू नका. हवा ज्या सीलमधून आत शिरते ते बदलायला हवं. मास्टर आणि स्लेव्ह सहसा बरोबरीने म्हातारे होतात. एक गेला की दुसराही बदललेला बरा.

बाहेर स्लेव्ह असलेल्या गाडीत आणखी एक फुकटची तपासणी होते. इंजिन बंद ठेवून कुणालातरी पेडल दाबायला सांगा आणि रिलीज फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) किती हलतो ते बघा, हात मात्र लांब ठेवा. फोर्क जेमतेम हलला तर दोष पेडल ते स्लेव्ह यांच्यामध्ये, म्हणजे बाहेरच आहे. फोर्क पूर्ण हलूनही क्लच सुटत नसेल तर दोष आत आहे. फोर्क वाकलाय, बोटं मोडलीत, किंवा प्लेट स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) गंजून अडकली आहे. ज्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो तिथे हे दिसत नाही. त्याची गळती बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाशी टपकते.

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत पेडल नीट लागूनही गिअर अजिबातच पडत नसेल, तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असण्याचीच शक्यता जास्त. ती सुटली की अशी प्लेट पुढे बरीच चालते. पण ती सोडवताना गाडी उसळी मारते, म्हणून समोर भरपूर मोकळी जागा नसेल तर हा प्रयोग करू नका.

पाचवी: थरथर आणि आवाज

गाडी उचलताना थरथर असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय दाबून ठेवा आणि कुणालातरी बाजूने इंजिनाकडे बघायला सांगा. गाडीच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडा आणि परत दाबा. इंजिन ठळकपणे उसळलं तर माउंटिंगचं रबर फाटलंय. ते बदलणं क्लचपेक्षा कितीतरी सोपं आहे. माउंटिंग चांगली निघाली तर मग प्लेटवर तेल किंवा फ्लायव्हीलवर तापून पडलेले डाग, हे संशयित उरतात.

तेलाचा अंदाज बाहेरून घेता येतो. बेलहाउसिंगच्या तळाशी सांध्यावर ओल आहे का ते बघा आणि बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. तसा वास आला तर इनपुट शाफ्टचं सील. साधं काळपट इंजिन ऑइल असेल तर क्रँकशाफ्टचं मागचं सील. सील न बदलता नवीन प्लेट टाकली तर ती काही महिन्यांतच तेलात न्हाते. क्लच वारंवार जातोय अशा गाड्यांत हे कारण हमखास निघतं.

आवाजासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. पेडल दाबल्यावर घरघर किंवा चिवचिव सुरू होते आणि सोडल्यावर थांबते: रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर शांतता: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि ते क्लच सेटमध्ये येत नाही. आयडलवर किंवा इंजिन बंद करताना खडखड होत असेल आणि गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील (मधे स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील) असेल, तर संशय तिथे.

इथे थांबा

वरचं सगळं तपासून झालं, खेळ बरोबर आहे, फ्लुइड ठीक आहे आणि तरीही रस्त्यावरच्या चाचणीत स्लिप आहे? मग सेट बदलायची वेळ आली. इथून पुढचं काम घरच्या जॅकवर करण्यासारखं नाही. गिअरबॉक्सचं वजन एका माणसाला सांभाळता येईल असं नसतं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट आणि बरेचदा सबफ्रेमही सोडवावी लागते, आणि इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो. लिफ्ट किंवा पक्के स्टँड आणि गिअरबॉक्स जॅक नसेल तर हात लावू नका. स्वतः झीज जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असेल तर ती बसवायला खास टूल लागतं. त्याशिवाय बोल्ट आवळले तर तिची यंत्रणा आधीच पुढे सरकून बसते आणि नवा सेट पहिल्याच दिवशी बिघडतो.

पेडल जमिनीला चिकटून वर येत नसेल किंवा फ्लुइड उघड गळत असेल तर गाडी टो करूनच न्या. स्लिप होणारी गाडी भरल्या वजनाने घाटात नेऊ नका. प्लेटची रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागली की जे काम एका सेटमध्ये निभावलं असतं त्यात फ्लायव्हीलही जातं.

काम चालू असताना काय बघायचं

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. नुसती प्लेट टाकून पैसे वाचत नाहीत, कारण खर्चाचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. तीन महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागलं की तेच काम परत. स्लेव्ह आत बसवलेला असेल तर तोही याच वेळी बदला. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं) असेल तर फिरवून बघा.

जुना सेट फेकण्याआधी मागून घ्या. बिघाडाचं कारण त्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आल्या असतील तर प्लेटने आपलं आयुष्य पुरं केलंय. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये अस्तराच्या (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराच्या) पृष्ठभागापासून रिव्हेटपर्यंतची खोली ०.३ मिमी ही शेवटची मर्यादा दिलेली असते. अस्तर भरपूर शिल्लक आहे पण चकाकतंय आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग आहेत, तर ती उष्णतेने गेली. हाफ क्लचवर चढावर गाडी धरून ठेवणं, शून्य खेळ, जास्त वजन, यांपैकी काहीतरी. अस्तर काळं आणि ओलसर असेल तर सील. डायफ्रॅमच्या बोटांच्या टोकांना खोल चर पडले असतील तर पाय सतत पेडलवर टेकलेला असतो. कारण सापडल्याशिवाय नवा सेट बसवू देऊ नका.

बसवताना घडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसायचा, नाहीतर पहिल्या दिवसापासून थरथर. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही आणि सगळं परत उतरवावं लागतं. स्प्लाइनवर उष्णता सोसणारं ग्रीस नुसतं पुसल्याइतकंच, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. आणि गिअरबॉक्स बसवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, बेलहाउसिंगच्या बोल्टने ओढून आतही घ्यायचा नाही. प्लेटचा हब वाकतो, आणि मग नव्या क्लचमध्येही गिअर खरखरतो.

फ्लायव्हीलवर डाग किंवा चर असतील तर साधं फ्लायव्हील मर्यादेत लेथवर घासून घेता येतं. ड्युअल मास फ्लायव्हील सहसा घासत नाहीत, त्याचा खेळ मोजून ठेवायचं की बदलायचं ते ठरवतात. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

गाडी हातात आल्यावर तिथेच, इंजिन गरम असताना, रिव्हर्सची पाच सेकंदांची चाचणी करा आणि केबल असेल तर खेळ मोजा. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर जोरात उचलणं, भरपूर वजन आणि टोइंग टाळा. अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढं चालणं लागतं. सुरुवातीचा हलका वास त्यातलाच असतो, पण दोन-तीनशे किलोमीटरनंतरही येत राहिला तर गाडी परत दाखवा. केबलच्या गाडीत साधारण हजार किलोमीटरनंतर खेळ पुन्हा एकदा मोजा, नवं अस्तर बसल्यावर तो थोडा कमी झालेला असतो.